ठोका तुझा, प्रश्न माझा

चिरंजीव भाचीस,

मामाचे आशीर्वाद, आणि तेही भरपूर. या वयात हातचे द्यायला एवढेच उरते, म्हणून त्यात काटकसर करत नाही. तुझ्या घशाची खवखव कमी झाली असावी असे धरून चालतो, कारण गेल्या खेपेस फोनवर तू खोकण्याऐवजी नुसतीच घाई करत होतीस. यंत्रातला चहा कमी कर आणि संपादनाच्या टेबलावर डोके ठेवून झोपणे बंद कर. टेबल ही झोपण्याची वस्तू नाही हे सिद्ध करण्याची वेळ माझ्यावर आणू नकोस. माझी प्रकृती, विचारलेस तर (विचारले नाहीस; पण तो घाईचा दोष आहे, मायेचा नव्हे, असे मी मानतो), ठीक आहे. डावा गुडघा शाबूत आहे. उजव्याने माझ्याशी असहकार पुकारला आहे. त्याची कारणे पुढे ओघाने येतीलच, कारण त्यांत तुझा आणि तुझ्या संगीतवाहिनीचा थेट हात आहे.

आता मुद्दा. रविवारी तू फोनवर विचारलेस, "मामा, चॅनेलचं सगळं रूपच बदलतंय. तुमचा आवाज ठेवायचा की काढायचा? साहेब म्हणतात, तुमची परवानगी असेल तर जुनंच चालू ठेवू, नाहीतर नवीन तयार आहे." मी म्हणालो, लेखी कळवतो, सकारण. त्यावर तू म्हणालीस, "अहो, कारणं कशाला? नुसतं हो की नाही ते सांगा ना!" बाळ, मी जन्मभर मुलांना तर्कशास्त्र शिकवले. कारणाविना दिलेले 'हो' आणि कारणाविना दिलेले 'नाही' यांत काही फरक उरत नाही. दोन्ही नुसते घशातून निघालेले आवाज. तेव्हा कारणे येणारच. मात्र तुझा वेळ वाचावा म्हणून निष्कर्ष आधी सांगून टाकतो: काढावा. उरलेले पत्र वाचले नाहीस तरी चालेल. (वाचावेस.)

तुला ठाऊक असलेल्या गोष्टी आता तुलाच सांगणार आहे, त्याला नाइलाज आहे. वादात पूर्वपीठिका गाळली की पुढचे सगळेच गळू लागते. तू कॉलेजसाठी माझ्याकडे राहायला आलीस तेव्हा तुझ्या आईने मला एकच सूचना दिली होती: "दादा, तिला किल्ली देऊ नकोस, हरवेल." मी दिली. हरवली. दुसरी करून आणली, तीही गेली. त्यानंतर तू दार वाजवू लागलीस, आणि तुझी वाजवण्याची तऱ्हा अशी की दोन ठोके घाईघाईने, आणि मग कुणीतरी आठवण करून दिल्यासारखा सावकाश तिसरा. दाराला घंटी आहे ही गोष्ट तू शिक्षण पूर्ण होईपर्यंत मान्य केली नाहीस. मी आतून "कोण?" म्हणायचो. असा ठोका दुसऱ्या कुणाचा असणे शक्य नाही हे मला पक्के माहीत होते, तरी विचारायचो. आणि तू बाहेरून रोज नवे उत्तर द्यायचीस. "वीज मंडळ." "पोलीस." "तुमची पेन्शन." एकदा म्हणालीस, "निष्कर्ष." (त्या दिवशी दार उघडायला उशीर झाला तो मी चष्मा शोधत होतो म्हणून, असे तेव्हा सांगितले होते. वस्तुतः हसू आवरेपर्यंत उघडणे मला प्रशस्त वाटले नाही.)

मग तू नोकरीला लागलीस, गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतलीस, आणि एका दुपारी कानांवर मोठाली टोपणे चढवलेल्या एका गृहस्थाला घेऊन उगवलीस. त्याच्या हातातल्या काठीच्या टोकाला एक केसाळ जनावर बसवलेले होते. ते माइक आहे आणि चावत नाही, असा खुलासा तू केलास. तुमच्या स्टुडिओतल्या दारांना म्हणे आवाज नाही, कारण त्या दारांमागे खोलीच नसते, नुसती फळकुटे असतात. "मामा, तुमच्या दाराच्या मागं घर आहे," असे तू म्हणालीस. विधान तपासून पाहिले, बरोबर होते. मग तू बाहेर जाऊन ठोके द्यायचे आणि मी आतून "कोण?" म्हणायचे, हा उद्योग दुपारभर चालला. मी हरकत घेतली की बाहेर कोण आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याने 'कोण?' विचारणे हा प्रश्नच होत नाही, ते प्रश्नाचे सोंग होते. त्या कानवाल्या गृहस्थाने यंत्र थांबवले आणि शांतपणे सांगितले, "काका, तुम्ही फक्त बोला. अर्थ आम्ही नंतर लावतो." इतके प्रामाणिक विधान मी अनेक परिषदांत बसूनही ऐकले नव्हते. अखेरीस तुम्ही वापरलात तो 'कोण?' त्या खटाटोपातला नव्हताच. तुम्ही जिन्यातच यंत्र सुरू केले होते. तू आल्याआल्या वाजवलेस आणि मी काही माहीत नसताना विचारले, तो पहिला. म्हणजे दुपारभराचे माझे सगळे कष्ट वाया गेले आणि अनवधानाने निघालेला शब्द अजरामर झाला. (लेखकांचेही असेच होत असावे.)

अशा रीतीने ते छोटेसे प्रकरण तयार झाले, ज्याला तुम्ही लोक आयडेंट म्हणता आणि मी ओळखखूण म्हणतो. पडदा काळा. तुझे ठोके. माझा "कोण?" मग काळोखाच्या तळाशी उजेडाची फट, फटीचे दार, दारातून रंगांचा लोंढा, आणि त्या लोंढ्यात वाहिनीचे नाव पोहत वर येते. दोन गाण्यांच्या मध्ये, जाहिरातींच्या आधी, जाहिरातींच्या नंतर, दिवसभर. वास्तविक वाहिनीचा शिक्का पडद्याच्या कोपऱ्यात अष्टौप्रहर बसलेलाच असतो, वर्गातल्या मॉनिटरसारखा. तरीही आपण कोण हे तिला दर थोड्या वेळाने पुन्हा सांगावे लागते. असे सतत सांगत राहणाऱ्यांविषयी पूर्वी माझ्या मनात अनादर होता. हल्ली मी माझ्याच जुन्या कॉलेजात फोन केला की पलीकडून "कोण बोलतंय?" येते, आणि मला आधी नाव, मग हुद्दा, आणि मग तो हुद्दा आता माझ्याकडे नाही असे क्रमाने सांगावे लागते. तेव्हापासून तो अनादर मी आवरता घेतला आहे.

मी ही वाहिनी पाहू लागलो ती निव्वळ पडताळणीसाठी. आपला उच्चार स्वच्छ आहे ना, प्रश्नचिन्ह ऐकू येते ना, एवढेच पाहायचे होते. पण ओळखखूण पाहायची तर गाणे संपेपर्यंत बसावे लागते, आणि बसले की गाणे दिसतेच. त्यात प्रेयसीने टाकलेला एक तरुण मोटारीच्या टपावर नाचतो आणि त्याचे दुःख वाटून घ्यायला एकाच रंगाचे कपडे घातलेली पन्नास माणसे धावत येतात. माझ्या निरोपसमारंभाला इतकी आली नव्हती, आणि जी आली त्यांच्या कपड्यांत काही मेळ नव्हता. असो. सांगायचे ते हे की मी वाहिनी पाहतो ती आवडते म्हणून नव्हे. सकाळी लावतो आणि झोपताना बंद करतो, एवढेच.

नव्या ओळखखुणेचे वर्णनही तू फोनवर केलेस: एक ठिपका येतो, जरासा थरथरतो आणि नाहीसा होतो, आवाज नाही. "आता सगळं मिनिमल आहे, मामा." आमचे जुने नैयायिक अभावालाही एक पदार्थ मानत. जमिनीवर घडा नाही, हे कळणे हेही ज्ञानच, असे ते म्हणत. पण त्यासाठी त्या जागी घडा असायचा हे आधी ठाऊक असावे लागते. ज्याने ते दार कधी वाजताना ऐकलेच नाही त्याला तुमच्या ठिपक्यात काय नाही हे कसे कळणार? तरीही, हे नीट लक्षात घे, मी ठिपक्याच्याच बाजूने आहे. कारणे पुढीलप्रमाणे.

पहिले कारण सामाजिक. माझी रस्त्यावरची पत गेली. औषधवाला मला लांबून पाहिले की काउंटरच्या फळीवर तुझे ठोके देतो आणि मी "कोण?" म्हटल्याशिवाय रक्तदाबाच्या गोळ्या बाहेर काढत नाही. न्हाव्याने तर गळ्याला वस्तरा लावलेला असताना मागणी केली. अशा वेळी माणूस काहीही म्हणतो. हे मी सहन केले असते. पण वरच्या मजल्यावरच्या बाईंचे प्रकरण निराळे आहे. त्यांच्याकडे टीव्ही नाही. त्यांना फक्त फरशीतून ऐकू येते, दार वाजल्याचे आणि मी "कोण?" विचारल्याचे. त्यांनी मला जिन्यात गाठले. "सर, तुमच्याकडे हल्ली येणं-जाणं फार वाढलंय हो! सारखं दार वाजतं. बरं वाटतं ऐकून." मी मान हलवली. (मान हलवणे हे विधान नव्हे.) "कोण येतं एवढं?" मी म्हणालो, "भाची." "रोज?" "दिवसातून पुष्कळदा." "गुणाची आहे हो पोर. नाहीतर आमचे! वर्षाकाठी तोंड दाखवतात, ते पण जेवायच्या वेळेला." मी खोटे बोललो का, याचा त्या संध्याकाळी गुडघ्याला मलम लावताना नीट विचार केला. ठोका तुझाच आहे. वाजतो तो माझ्या खोलीत. दिवसातून पुष्कळदा वाजतो. विधान अक्षरशः खरे ठरते. अक्षरशः खरे विधान केल्यावर माणसाला जिना चढताना खाली पाहावेसे का वाटावे, याचे उत्तर मात्र माझ्या शास्त्रात नाही.

दुसरे कारण गुडघा. पहिल्या दिवशी तुझा ठोका वाजला तेव्हा मी उठलो, चप्पल शोधली, दार उघडले. बाहेर पायपुसणे होते. मागे टीव्हीत माझाच आवाज "कोण?" विचारून मोकळा झाला होता. यात नवल नाही. पहिला दिवस होता. पण दुसऱ्या दिवशीही उठलो, आणि नंतरही उठत राहिलो. माझ्या बुद्धीला संपूर्ण खात्री असते की ठोका टीव्हीतला आहे. पायांना अनुमान हे प्रमाण मान्य नाही. ते प्रत्यक्ष पाहायला निघतात. यावर मी उपाय करून पाहिले. आवाज बंद केला. मग पडद्यावरचे दार न वाजताच उघडू लागले, ते अधिक वाईट. खुर्ची दाराजवळ नेली, त्याने चालणे वाचले, पण वरच्या बाईंनी उघड्या दारातून मला पाहिले आणि विचारले, "कुणाची वाट बघताय का?" खुर्ची जागेवर गेली. एक संध्याकाळ टीव्हीच बंद ठेवला. तो उपाय केवळ नोंदीपुरता सांगतो. पुन्हा करण्याजोगा नाही.

अखेर मी पायांना रीतसर शिकवले. इतक्या वेळा उठूनही बाहेर एकदाही कुणी आढळले नव्हते. त्यावरून नियम बांधला: टीव्ही चालू असताना वाजणारा प्रत्येक ठोका टीव्हीतलाच. अपवाद शून्य. पाय कुरकुरले, पण बसले. आता ठोका वाजला की मी वर्तमानपत्र खाली न करता, टीव्हीतून माझा "कोण?" येईपर्यंत थांबतो, आणि तो आला की पुढची ओळ वाचतो. मन शांत राहते. निदान हालचाल तरी होत नाही.

तिसरे कारण तुमचा ढिसाळपणा, आणि ही माझी औपचारिक तक्रार समज. गेल्या गुरुवारी दुपारी तुमच्या वाहिनीने ही ओळखखूण तीन प्रकारे बिघडवली. एक, ठोका गाणे चालू असताना मध्येच वाजवला. मोटारीच्या टपावरचा तो तरुण अजून नाचतच होता. दुसरे म्हणजे ठोक्यानंतर माझा "कोण?" आलाच नाही. मी वर्तमानपत्र धरून बराच वेळ थांबलो, आला नाही. आणि तिसरे, ठोका पुन्हा एकदा वाजवला, तोही पहिल्यापेक्षा हळू, जणू वाजवणाऱ्याचाच विश्वास उडाला आहे, आणि त्यानंतरही "कोण?" नाही. मी लगेच तुमच्या कार्यालयात फोन केला. स्वागतकक्षातली मुलगी म्हणाली, "आजोबा, गाण्याच्या मध्ये आम्ही काहीच लावत नाही." मी म्हणालो, मी स्वतः ऐकले. ती म्हणाली, "मग तुमच्याकडेच कुणी आलं असेल!" आणि हसली. ग्राहकाच्या तक्रारीला हसून उत्तर देण्याची ही पद्धत तुझ्या साहेबांच्या कानावर घाल.

तेव्हा पत जाते, गुडघा जातो आणि प्रक्षेपणात शिस्त नाही, या तिन्ही कारणांस्तव माझा आवाज काढून ठिपका लावावा, अशी माझी परवानगी समज. अपील नाही.

जाता जाता, त्याच गुरुवारी संध्याकाळी दाराच्या कडीला अडकवलेली पिशवी मिळाली. संत्री गोड निघाली. गुडघ्याचा पट्टा मापाचा आहे, पण उजव्याला लावावा की डाव्याला हे लिहिलेले नाही, उजव्याला लावला. "आले होते, दार नाही उघडलंत, कुठं होतात?" असे तू रविवारी विचारलेस तेव्हा मी औषधे आणायला गेलो होतो असे सांगितले, आणि तू म्हणालीस, "बरं झालं, पाय मोकळे होतात तेवढेच." चुकामूक झाली. बऱ्याच दिवसांनी आली होतीस. पुन्हा सवड झाली की कळव, म्हणजे मी घरी थांबेन.

तुझा,
मामा

ताजा कलम. पाकीट चिकटवण्याआधी कोणताही युक्तिवाद मी एकदा उलट बाजूने तपासतो. तपासता एक गोष्ट आढळली. औषधवाला गुरुवारी दुकान बंद ठेवतो. म्हणजे मी गुरुवारी औषधे आणायला गेलो नव्हतो. रविवारी तू विचारलेस तेव्हा मला तसे खरेच वाटले होते, कारण घरी असतो तर दार उघडले नसते हे मला अशक्य वाटले. मी घरीच होतो. टीव्ही चालू होता. ठोका गाण्याच्या मध्ये वाजला, कारण दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला आत गाणे कुठवर आले आहे हे कळत नाही. दुसऱ्यांदा हळू वाजला, त्याचे कारण मी वर लिहिलेच आहे, फक्त ते कुणाबद्दल लिहितो आहे हे मला ठाऊक नव्हते. आणि "कोण?" आला नाही, कारण तो माझ्या वाट्याचा होता; मी तो टीव्हीने विचारावा म्हणून वाट पाहत बसलो. तिन्ही तक्रारी मागे घेतो. स्वागतकक्षातल्या मुलीला सांग, तिचे अनुमान बरोबर होते.

आणखी एक. वरील निष्कर्ष खोडत नाही, पण त्यात दुरुस्ती करतो. माझा आवाज राहू दे. न्हाव्याची आणि औषधवाल्याची सवय मोडायला नको. ठोका मात्र काढ. त्या जागी एखादी घंटी बसव, कुणाचीही चालेल. साहेबांनी कारण विचारले तर सांग, एकाच वस्तूच्या दोन प्रती घरात फिरू लागल्या की म्हाताऱ्या माणसाला खरी कोणती ते ओळखता येत नाही, आणि तो नेमकी खरी तेवढी बाहेर उभी ठेवतो. बदल महिनाअखेर करणार असाल तर तोवर आहे ते चालू द्या. एकदम थांबले तर वरच्या बाई समजतील की तू यायची बंद झालीस, आणि मला जिन्यात त्याचे स्पष्टीकरण द्यावे लागेल.

शेवटचे. येत्या रविवारी दुपारी मी टीव्ही बंद ठेवणार आहे. हा उपाय पुन्हा करण्याजोगा नाही असे वर लिहिले आहे, ते माहीत आहे. दार वाजले तर मी आतून "कोण?" विचारणारच, जन्माची सवय आहे. उत्तर काहीही दे. वीज मंडळ म्हण, पोलीस म्हण. वाहिनीचे नाव तेवढे सांगू नकोस.